केपटाऊन-स्टेलनबॉश : बाबांना द्राक्षबाग आतून दाखवायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी, बायको आणि बाबा (वय 68) केपटाऊनला निघालोय. तिथे हातात सहा पूर्ण दिवस आहेत.

शहराचं बरंचसं ठरलंय. टेबल माउंटनची केबल कार जोराचा वारा सुटला की बंद करतात, म्हणून पहिली स्वच्छ सकाळ तिला राखून ठेवली आहे. मंडेलांनी 27 वर्षांच्या कैदेतली 18 वर्षं जिथे काढली त्या रॉबेन आयलंडला एक दिवस. बोल्डर्स बीचचे पेंग्विन आणि केप पॉइंट एकाच दिवसात उरकायचे. यात काही चुकत असेल तर जरूर सांगा.

खरा प्रश्न स्टेलनबॉश आणि फ्रान्सहूक या केपटाऊनजवळच्या द्राक्षबागांच्या गावांचा. बाबांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, चाळीस वर्षं स्वतः राबलेत. आंबिया बहाराची फळधारणा सुरू असताना बाग सोडून ते कधी कुठे गेले नाहीत, या वेळी भावावर सोपवून येतायत. तिकीट काढलं त्या दिवसापासून त्यांचं एकच, "वेलाचं पानी कवा तोडतेत, इचारून ठेवजो." आपण संत्रं जंबेरीवर बांधतो, तशी तिकडेही द्राक्षं अमेरिकन खुंटावर बांधतात, फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीमुळे, हे मी त्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून कलम बांधायचा चाकू शर्टाच्या खिशात घेऊन तो जोड कसा घेत असतील ते समजावतात. चाकू घरीच ठेवायला लावणार आहे, पण तो जोड त्यांना हात लावून पाहता यायला हवा.

पिनोटाज ही द्राक्षाची जातही स्टेलनबॉशचीच. 1925 मध्ये पेरोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी पिनो न्वार आणि सिन्सो यांचा संकर केला आणि हाती आलेल्या चार बिया घराच्या बागेत लावल्या. चार बियांवरून एवढं उभं राहिलं, हे बाबा गावात सगळ्यांना सांगून आलेत.

अडचण अशी, की वाइनच्या टूर बहुतेक टेस्टिंगच्या टेबलापाशीच थांबतात. बाबा माळकरी, थेंबही घेत नाहीत. फेब्रुवारी म्हणजे तिकडे तोडणीचा हंगाम. अशा घाईत वेलींच्या ओळींमधून फिरवून माहिती देणारी एखादी वाइनरी कुणाला माहीत आहे का? आधी ईमेल केला तर परवानगी मिळते का? फ्रान्सहूकला वाइनऱ्यांमधून फिरवणारी वाइन ट्राम आहे, तिच्यातून मध्ये उतरून निवांत बाग पाहायला वेळ मिळतो, की नुसती चढउतार होते? बाबांचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घ्या. गाडी मी चालवू शकतो (तिकडेही डावीकडूनच चालवतात), पण मग बायको एकटीच चव घेणार. दिवसभरासाठी ड्रायव्हर घेतलेला बरा का?

आता जेवण. आम्ही दोघं सावजीवर वाढलेलो, मासे-मटण सगळं चालतं. केपटाऊनच्या बो-काप वस्तीतल्या केप मलय लोकांच्या घरगुती जेवणाबद्दल खूप ऐकलंय. बोबोटी (खिम्यावर अंड्याचा थर देऊन भाजतात ती) चाखायचीच आहे, पण त्यात मनुका आणि गोडसरपणा असतो म्हणे, मग झणझणीत काय मागवावं? बाबांसाठी तिथली डाल्टजी म्हणजे बेसनाची भजीच, ती आणि रोटी मिळाली तरी एका वेळचं भागेल. वाइनऱ्यांच्या परिसरात मात्र दुपारी त्यांना शाकाहारी काय मिळेल? की डबा सोबत घ्यावा, आणि आवारात बसून खाऊ देतात का?

शेवटचं, स्टेलनबॉशला दोन रात्री मुक्काम करावा, की शहरातूनच जाऊन-येऊन? अंतर साधारण 50 किलोमीटर आहे. तोडणी पहाटे सुरू होत असेल तर बाबांना ती दाखवायची आहे, म्हणून विचारतोय.