मदत हवी आहे: स्लॉटचं गणित शीटमध्ये कसं मांडू?

आतेभाऊ ऑनलाइन स्लॉट (चित्रांची चाकं फिरवायचा जुगार) खेळतो. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे, हे सांगून झालं. त्याचा भरवसा दोन गोष्टींवर: बराच वेळ काही लागलं नाही की मशीन ‘आता देणारच’, आणि हरलं की पैज दुप्पट करायची.

दुप्पटीचा हिशेब दाखवला: 10 रुपयांपासून सलग 10 वेळा हरलास तर 10,230 गेले, पुढच्या डावाला 10,240 हवेत. तर म्हणे, ‘आरटीपी (लावलेल्या पैशांपैकी सरासरी परत येणारा वाटा) 96 टक्के आहे, 100 चे 96 परत येतातच.’ (तेच 96 पुन्हा लावतो, हे सोयीने विसरतो.) मग गूगल शीट्समध्ये रँड (RAND, 0 ते 1 मधला कुठलाही आकडा देणारं सूत्र) वापरून छापा-काटा केला. त्यावर, ‘स्लॉट असा नसतो.’ हे मात्र खरं. तिथे 10 लावून 4 आले तरी दिवे लुकलुकतात आणि ‘जिंकलात!’ येतं.

म्हणून प्रत्येक फिरकी स्वतंत्र, बक्षिसं 0, 0.4, 2 आणि क्वचित 200 पट, सरासरी परतावा 96 टक्के, असा तक्ता हवाय. कोडिंग येत नाही, मोबाईलवरच करायचंय. प्रत्येक बक्षिसाची शक्यता किती धरू, आणि 1,000 फिरक्यांसाठी सूत्र कसं लिहू?