‘स्वमत’ पण गाईडमधलंच लिहायचं काय?

रंकाळावेस_दादा:
पोरगं सहावीत हाय. चाचणीला ‘माझा आवडता सण’ निबंध आलता. यानं आमच्या कोल्हापुरातल्या टेंबलाई देवीची यात्रा लिहिली. आषाढातला मंगळवार, पंचगंगेचं नवं पाणी, डोक्यावर कलश घेतलेल्या पोरी, म्होरं पी ढबाक वाद्य वाजतंय आणि घरी आल्यावर तांबडा-पांढरा, रश्श्यावरच चार ओळी होत्या. १० पैकी ३. शेरा काय, तर ‘वहीतला निबंध लिहिणे’. वहीत दिवाळी हाय, फळ्यावरनं उतरवून घेतलेली, म्हंजे वर्गातल्या सगळ्यांना एकच सण आवडतोय आणि तोबी एकाच कारणानं. थोरली दहावीला हाय, तिच्या मराठीच्या पेपरात ‘स्वमत’ म्हणून प्रश्न असतोय, ते पण गाईडमधनं पाठ चाललंय. अरे स्वमत हाय न्हवं ते? एका मापाचे पेढे पाडायचं काम चाललंय सगळं.

गडहिंग्लजचा_मास्तर:
दादा, ३ मार्क चुकीचेच, मी ८ दिले असते. पण लगेच सगळ्या शाळेवर घसरू नका. कोल्हापुरात १९१७ ला शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड ठेवला. का? कारण त्याआधी ज्याचं त्याचं ‘वेगळेपण’ जातीवरनं ठरत होतं, चांभाराच्या पोरानं चामडंच कापायचं. सगळ्यांना एकच पुस्तक ही तेव्हा चैन न्हवती, बंड होतं.

तिकटीवरला:
मास्तर भाषण भारी, पण आपले सिनेमावाले बाबूराव पेंटर कुठल्या बोर्डाचे? शाळा फार न करता आपल्या आपण चित्रकला शिकले, स्वतः कॅमेरा बनवला, १९२५ ला ‘सावकारी पाश’ सिनेमा काढला. आज असते तर आईबापानं आधी क्लासला घातलं असतं.

गडहिंग्लजचा_मास्तर:
बाबूरावांच्या घरातच कारागिरी होती, सोबत नात्यातले भाऊ आनंदराव होते. ज्याच्या घरात रंगाचा डबाच नाही त्यानं काय करायचं? एक बाबूराव दिसतो, शाळा सोडून उसाच्या फडात गेलेली पोरं कुणी मोजत नाही. आमच्या शाळेत ऊसतोडीच्या टोळीतली पोरं येतात, मधेच जातात, त्यांना पुढच्या गावात तेच पुस्तक मिळतं म्हणून निदान धडा तरी सापडतो.

सासने_कट्टा:
आता चित्रकलेचं पण बघा की. एलिमेंट्री, इंटरमिजिएट परीक्षा कशाला द्यायची, तर दहावीला वाढीव मार्क. ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३. माझ्या भाचीनं इंटरमिजिएट झाल्यावर ब्रश धुतला तो आजतागायत वाळलेलाच हाय.

तिकटीवरला:
😂 हेच म्हणतोय मी.

चप्पलवाला_पोरगा:
आमचा धंदा चपलांचा म्हणून बोलतो. आमच्याकडं पण पहिली दोन-तीन वर्षं नुसती नक्कल. चपलेवरची चामड्याची वेणी आज्यानं घातली तशीच घालायची, जरा वाकडी गेली की उसवून परत. तवा लई राग यायचा. पण हात बसला की आजाच म्हणायचा, आता तुझं काय ते कर. शाळेत ती दुसरी पायरी येतच न्हाई, बारावीपर्यंत आज्याचीच वेणी. नकलेला माझा विरोध न्हाई, ती कधी संपणार एवढं सांगा.

गडहिंग्लजचा_मास्तर:
हे पटलं. फक्त एक, कायद्यात सहावी ते आठवी ३५ पोरांमागं १ मास्तर, वर्गात बघा किती असतात. ६० वेगळे निबंध तपासायला रात्र लागते, ६० दिवाळ्या अर्ध्या तासात उरकतात. ३ मार्क देणाऱ्या बाईंचं समर्थन करत नाही, हिशोब सांगतोय.

रंकाळावेस_दादा:
मास्तर, हिशोब कळला. पण मग शेरा खरा लिहा की, ‘वाचायला वेळ नव्हता’. पोराला वाटतंय यात्राच चुकीची हाय. काल विचारत होतं, टेंबलाई सणात धरत न्हाईत का? आणि चप्पलवाल्या भावा, तुझ्या आज्यानं उसवलं तरी तुझी वेणी बघून उसवलं.

गडहिंग्लजचा_मास्तर:
निबंधाचा फोटो टाका. सोमवारी माझ्या सहावीला वाचून दाखवतो, आमच्याकडच्या पोरांना पी ढबाक ठाऊक नाही.

रंकाळावेस_दादा:
टाकतो. ऱ्हस्व-दीर्घ बघू नका, रश्श्याचा भाग मात्र सोडू नका.