ॲडजस्टेबल आर्च सपोर्ट इनसोल : खरंच कामाचे, की पाय आणखी आळशी करणारे?

धरमपेठी_मास्तर

मंडळी, आमच्या स्टाफरूममध्ये टाच दुखत नाही असा माणूस आता शोधावा लागतो. दिवसभर वर्गात उभं राहायचं, खाली ग्रॅनाइट, पायात ते चपटे फॉर्मल बूट, आणि घरी आलं की टाइल्सवर अनवाणी. मग एकतर लोक गप सहन करतात नाहीतर थेट कस्टम इनसोल करायला निघतात, पायाचं स्कॅन वगैरे घेऊन बनवून देतात ते, काही हजारांचं काम. माझं म्हणणं एवढंच की या दोन्हीच्या मधे एक पायरी आहे, ॲडजस्टेबल इनसोल, आणि ती लोक उगाच सोडून देतात.

ज्यांनी पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. वरून साध्या इनसोलसारखेच दिसतात, पण उलटे केले की पायाच्या कमानीच्या जागी वेल्क्रो किंवा खिसा असतो, आणि सोबत फोमचे दोन-तीन जाडीचे तुकडे येतात. पातळ लावा, जाड लावा, थोडा मागे सरकवा थोडा पुढे, डाव्याला वेगळा उजव्याला वेगळा. आणि हीच खरी गंमत आहे, कारण आपले दोन पाय सारखे नसतात. खात्री करायची असेल तर जुन्या बुटातलं इनसोल बाहेर काढून उजेडात धरा, एकीकडे टाचेचा काळा डाग आतल्या कडेला सरकलेला दिसेल, दुसरीकडे मधोमध. आता दोन्हीखाली एकच उंचीचा तयार सपोर्ट टाकला तर एक पाय खुश आणि दुसरा बोंबलणार.

आणि मुख्य मुद्दा. कस्टमची उंची एकदा ठरली की ठरली. ॲडजस्टेबलमध्ये पातळ तुकड्यापासून सुरू करता येतं, दुखणं कमी झालं की परत खाली येता येतं, शेवटी काढूनही टाकता येतं. सपोर्ट कायमचा नसावा हे ज्यांना पटतं त्यांच्यासाठी तर हाच प्रकार सगळ्यात बरा. बोला.

फुटाळा_रनर

सर, आदर ठेवून सांगतो, अजिबात पटलं नाही. पायात 26 हाडं आहेत, 33 सांधे आहेत, शंभरावर स्नायू-कंडरा-लिगामेंट आहेत, हे सगळं कमान उचलून धरायलाच आहे ना? त्याच्याखाली फोमचा तुकडा ठेवला की ते काम करणं बंद करतात. हात प्लास्टरमधून काढला की कसा बारीक झालेला असतो, तसंच पायाचं होणार. आणि "नंतर उंची कमी करता येते" म्हणता, पण मला एक माणूस दाखवा ज्याने बरं वाटल्यावर जाड तुकडा काढून पातळ लावला. कोणी नाही करत हो. बरं वाटलं की माणूस विसरून जातो आणि तेच बूट तसेच घासत राहतो.

दुसरं म्हणजे आपल्याच देशातला पुरावा आहे. 1992 साली राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासले होते. बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. त्यातही बंद बुटापेक्षा चप्पल-सँडल बरी निघाली. म्हणजे पाय मोकळा सोडला तर कमान स्वतः तयार होते. आणि आपण काय करून राहिलो, बुटात अजून एक वस्तू कोंबून राहिलो.

धरमपेठी_मास्तर

भाऊ, तो अभ्यास चांगला आहे, मी नाकारत नाही, पण तो वाढत्या वयाच्या मुलांचा आहे आणि त्यात सपाट पाय किती एवढंच मोजलं, कोणाची टाच दुखते हे नाही. पंचेचाळिशीची बाई आठ तास उभी राहून शिकवते, सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना भिंत धरते, तिला "लहानपणी अनवाणी फिरायचं होतं" सांगून काय उपयोग?

आणि प्लास्टरचं म्हणाल तर प्लास्टरमध्ये सांधा हलतच नाही. इनसोलवर माणूस चालतो, पाय वाकतो, अंगठा वळतो. दोन गोष्टी एक नाहीत.

सदरची_फिजिओ

दोघांचं वाचलं, राहवलं नाही म्हणून लिहितेय. प्रॅक्टिसमध्ये हेच रोज बघते.

सकाळचं पहिलं पाऊल दुखतं, थोडं चाललं की सैल होतं, मग संध्याकाळी परत, हे बहुतेक वेळा प्लांटर फॅशियाचं दुखणं असतं. फॅशिया म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा. अंगठा वर वळला की हा पट्टा ताणला जातो आणि कमान आपोआप उचलली जाते. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर टेकलेलं ठेवा, हाताने अंगठा वर ओढा आणि कमानीकडे बघा, डोळ्यासमोर वर येते. इनसोल काय करतं, तर या पट्ट्यावरचा ताण थोडा कमी करतं. तेवढंच. बरं करत नाही, पण बरं व्हायला वेळ मिळवून देतं.

मास्तरांच्या बाजूने एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात 135 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2006 मध्ये छापून आला. काहींना नुसतं दाखवायपुरतं मऊ इनसोल, काहींना तयार, काहींना कस्टम. तीन महिन्यांनी तयार आणि कस्टम दोघांचंही चालणं-फिरणं थोडं सुधारलं आणि त्या दोघांत फरक जवळपास नव्हता. म्हणजे पहिल्याच दिवशी महागड्या कस्टमकडे पळायचं कारण नाही. पण भाऊंनीही ऐकावं, आणि मास्तरांनीही, की वर्षभरानंतर तिन्ही गट सारखेच झाले. फायदा आहे, छोटा आहे, सुरुवातीच्या काळातला आहे.

आणि रनरभाऊंच्या बाजूनेही आहे. 2014 चा डेन्मार्कचा अभ्यास, लोक 48 च होते. पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच हळू वर, थोडं थांबा, हळू खाली, एक दिवसाआड, आणि हळूहळू पाठीवर वजन वाढवत न्यायचं. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा हे करणाऱ्यांना तीन महिन्यांत जास्त आराम पडला. पण टाचेखालचे पॅड दोन्ही गटांना दिले होते बरं का! म्हणून "इनसोल की व्यायाम" हे भांडणच मला कळत नाही.

बर्डीवाला_दुकानदार

माझं फुटवेअरचं दुकान आहे, मी विकणाऱ्याच्या बाजूने बोलतो असं समजू नका. अर्धी गिऱ्हाइकं परत येतात त्याचं कारण वेगळंच असते. बुटातलं आधीचं इनसोल न काढता त्याच्यावर हे घालतात. मग टाच वर येते, बूट मागून निसटते, पंजा वर दाबला जाते, आणि म्हणतात इनसोल बेकार आहे. पहिले आतलं काढा ना भाऊ. जे चिकटवलेलं असते, निघत नाही, त्या बुटात फुल साइज घालूच नका, पाऊण लांबीचं घ्या.

दुसरं, उंचवटा कुठे आला ते पाहा. टाचेच्या जरा पुढे पाह्यजे. बोटांकडे सरकला की गोटा टोचल्यासारखं वाटते आणि मग लोक तीन दिवसांत फेकून देतात. एकदा बरोबर जागा सापडली की वेल्क्रोच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, नाहीतर धुवायला काढलं की परत पहिल्यापासून शोधत बसा. अन् उन्हाळ्यात बूट गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत तो गोंद सुटून तुकडा हातात येते.

प्रतापनगरची_काकू

तुम्ही सगळे बुटाचंच बोलून राहिले. बूट घालते कोण? मी दिवसभर घरात असते, ओट्यापाशी उभी, बाहेर निघाले तर चप्पल. मुलाने कौतुकाने असले इनसोल आणून दिले, मी ते कशात घालू? नागपुरात निम्म्यापेक्षा जास्त बायका वर्षभर चपलेत असतात, उन्हाळ्यात तर माणसंही. मास्तर, तुमचा उपाय शाळेत जाणाऱ्यांसाठी आहे, टाच मात्र आमचीही दुखते.

सदरची_फिजिओ

काकू, एकदम बरोबर बोललात आणि हा मुद्दा कुणी काढत नाही. ज्यांचे पाय जास्त वेळ घरात असतात त्यांनी बुटातल्या इनसोलवर खर्च करण्याआधी घरात घालायला वेगळी चप्पल घ्यावी, टाचेला खोलगट खाच असलेली, मधे हलका उंचवटा असलेली, आणि हाताने पिळली तर फडक्यासारखी गुंडाळली जाणार नाही अशी. दिवसातले दोन तास बुटात सपोर्ट आणि बाकीचे बारा तास टाइल्सवर अनवाणी, यात इनसोल काही करू शकत नाही. ओट्यापाशीही तीच चप्पल घाला. देवघरात काढा, बाकी घरभर राहू द्या.

भरतीवाला_काटोल

ताई मले एक सांगा, माह्या लहान भावाची भरतीची तयारी चालू आहे. पाय सपाट आहे म्हणून सारे भेव दाखवून राहिले. हे ॲडजस्टेबल घालून सहा महिने पळला तर कमान येईन का? मेडिकलच्या आधी?

सदरची_फिजिओ

दादा, स्पष्ट सांगते म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. इनसोल घालून मोठ्या माणसाच्या पायाचा आकार बदलत नाही, आणि मेडिकलला बूट काढूनच उभं करतात. पण आधी हे बघा. भावाला अनवाणी चवड्यावर उभं राहायला सांगा आणि मागून पाहा. टाच उचलल्यावर कमान दिसायला लागली तर तो लवचिक सपाट पाय. एनडीए-सीडीएसच्या मेडिकल नियमांत असं आहे की चवड्यावर कमान दिसते, चवड्यावर नीट पळता-उड्या मारता येतं, पाय लवचिक आहे आणि दुखत नाही, तर उमेदवार चालतो. सीआरपीएफ-बीएसएफसारख्या दलांत मात्र फ्लॅट फूट नको असं सरळ लिहिलेलं असतं. म्हणून कोणती भरती आहे त्याचे नियम आधी वाचा. चवड्यावरही कमान येत नसेल, पाय कडक वाटत असेल, तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा एम्सला ऑर्थोपेडिकला दाखवा, त्याचं कारण कधी कधी हाडं एकमेकांना जोडलेली असण्यात असतं.

फुटाळा_रनर

बघा, म्हणजे आकार बदलत नाही हे फिजिओताईच म्हणतात. मग माझा प्रश्न तिथेच राहतो. ज्याला काहीच दुखत नाही, फक्त कोणीतरी ओला पाय फरशीवर ठेवून "तुझा ठसा भरलेला येतो" म्हटलं, त्याने हे का घालायचं? आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये अशी पोरं आहेत, वीस-बावीस वर्षांची, एकही दुखणं नाही, पण व्हिडिओ बघून आर्च सपोर्ट मागवतात. अमेरिकेच्या सैन्यात पायाच्या कमानीप्रमाणे बूट वाटून पाहिले होते, सपाटवाल्यांना वेगळे, उंचवाल्यांना वेगळे, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. लहान पोरांचं तर विचारूच नका, सहा वर्षांपर्यंत तळव्याला चरबी असते म्हणून पाय सपाट दिसतोच, तरी आयाबाया घाबरून इनसोल घेऊन राहिल्या. हे थांबायला पाहिजे.

धरमपेठी_मास्तर

न दुखणाऱ्या पायात घालू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे आणि मी सुरुवातच दुखणाऱ्या टाचेपासून केली आहे. पण तुम्ही पोरांच्या फॅशनवर चिडून आमच्या शिक्षकांचा, नर्सचा, गेटवर बारा तास उभ्या असणाऱ्या गार्डचा उपाय काढून घेताय, ते मला मान्य नाही. ज्याला उद्या सकाळी परत उभं राहायचंच आहे त्याला आधी उभं राहता यायला पाहिजे, व्यायाम तो नंतर करेल.

मानेवाडा_०७

मधेच विचारते, माफ करा. वडिलांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, तळपाय बधिर होतात. त्यांना पाय भरून येतात म्हणून हे घ्यायचा विचार होता. कितव्या नंबरचा तुकडा लावू?

सदरची_फिजिओ

कोणताही नाही, आत्ता नको! बधिर पायाला टोचलेलं कळत नाही, वेल्क्रोची कड घासून जखम झाली तरी त्यांना दुखणार नाही आणि तुम्हाला चार दिवसांनी मोजा काढताना दिसेल. आधी डॉक्टरांकडून तळपायाची संवेदना तपासून घ्या. अशांना बहुतेक वेळा एमसीआर रबराची मऊ चप्पल देतात, सपाट आणि मऊ, उंचवट्याची नाही. रोज रात्री तळवे बघत जा, बोटांच्या मधेही.

आणि सगळ्यांसाठीच सांगते, एकाच पायाची कमान अलीकडे बसली असेल, त्या एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नसेल, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल, तर तो इनसोलचा प्रश्न नाही. कमान धरणारी कंडरा सुटत चाललेली असू शकते. तिथे उशीर करू नका.

फुटाळा_रनर

ठीक. मास्तर, एक अट घाला तुमच्या सल्ल्यात, मग मी विरोध करणार नाही. जो कोणी घालेल त्याने त्याच दिवसापासून पायरीवरचा टाच उचलायचा व्यायाम सुरू करायचा, नंतर नाही. आणि जाड तुकडा कधी काढायचा ती तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

धरमपेठी_मास्तर

तारखेचं घेतो, ते चांगलं आहे. व्यायामाचं मात्र पहिल्याच दिवसापासून सगळ्यांना जमेल असं वाटत नाही. ज्या बाईंना पाऊल टेकवत नाही त्यांना पायरीच्या कडेवर उभं करणार का? आधी पातळ तुकडा, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन आठवड्यांत हळूहळू पूर्ण दिवस.

सदरची_फिजिओ

पायरी नको तर जमिनीवर, दोन्ही पायांवर, भिंतीला हात लावून करा. तेही जमत नसेल तर पलंगावरून उतरण्याआधी बसल्या बसल्या अंगठा वर ओढून तळवा ताणा, दहा सेकंद, दहा वेळा. हे पहिल्या दिवसापासून कुणालाही जमतं मास्तर, स्टाफरूममध्ये सांगा.

बर्डीवाला_दुकानदार

आणि घेताना पायात घालायचा तो बूट सोबत घेऊन या रे बाबांनो, नुसता नंबर सांगून मागू नका.