स्टीम गार्ड नसेल तर स्पर्धेत प्रवेश नको: नाशिकच्या गेमिंग कॅफेंनी हा नियम करावा का?

गंगापूररोडकर: कॉलेज रोड असो वा सिडको, काउंटर-स्ट्राइक या पीसीवरच्या नेमबाजीच्या गेमची स्पर्धा भरवताना ज्याच्या फोनवर स्टीम गार्ड (स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारा फोनवरचा कोड) नाही त्याचं नावच घेऊ नये. महिन्याला स्टीमची सुमारे 77,000 खाती लुटली जातात, असं स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीनेच 2015 मध्ये सांगितलं होतं. आपली पोरं जीमेल, डिस्कॉर्ड (गेमर्सचं गप्पांचं अ‍ॅप), स्टीम सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात. एक फुटला की तिन्ही गेले.

पंचवटी_लॅन: साफ विरोध. आजची चोरी पासवर्डची नाहीच. फुकटच्या 'स्किन चेंजर'मधून (गेममधल्या बंदुकांचं रूप बदलणारा प्रोग्राम) रेडलाइनसारखा स्टीलर, म्हणजे माहिती चोरणारा व्हायरस, शिरतो आणि ब्राउझरमधलं चालू सेशनच, म्हणजे आधीच केलेलं लॉगिनच, उचलतो. सर्व्हरच्या लेखी तुम्ही आधीच लॉगिन आहात, मग कोड मागणार कोण?

दुसरा प्रकार, 'आमच्या टीमला व्होट दे' ही लिंक. त्यावर उघडणारी स्टीम लॉगिनची खिडकी त्या पानातच रंगवलेली असते. ती माउसने धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून पाहा. खोटी असेल तर कडेला अडकते. तिथे टाकलेला कोड चोर त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतो. म्हणून सक्ती करायचीच तर कॅफेवर करा: रीस्टार्टला पीसी मूळ स्थितीत यावा, ग्राहकाला अ‍ॅडमिन हक्क (पीसीत प्रोग्राम टाकायची मुभा) नसावेत.

गंगापूररोडकर: कॅफेचा पीसी स्वच्छ झाला, घरचा कोण करणार? आणि चोराने गार्ड काढून टाकलं तरी ट्रेड, म्हणजे गेममधल्या वस्तू दुसऱ्याला देणं, 15 दिवसांपर्यंत अडकतो, म्हणजे सावरायला वेळ मिळतो. चोरी झाल्यावरही क्रम चुकतो. आधी गेमचा पासवर्ड बदलतात, चोर मात्र मेलमध्येच बसलेला. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी मेल, मग स्टीमचा पासवर्ड, मग सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, शेवटी स्टीमची एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला आपल्या खात्यात हात घालू देणारी किल्ली) तपासा. आपण न काढलेली की दिसली तर लगेच रद्द. रिकव्हरी कोड (फोन हरवला तर खातं परत मिळवायचा कोड) कागदावर लिहून ठेवा, फोनच्या गॅलरीत नको.

नाशिकरोड_बीजीएमआय: मोबाइलवाल्यांना हा नियम लागूच होत नाही. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेमचं लॉगिन गूगल किंवा सोशल मीडियाच्या खात्यातून होतं, म्हणजे कुलूप तिथे हवं. खरी कीड विकतच्या आयडींची, म्हणजे दुसऱ्याकडून घेतलेल्या गेमच्या खात्यांची. पैसे मोजून घेतलेली आयडी मूळ मालक स्वतःच्या मेलवरून परत ओढतो, आणि फायनलला टीम चौघांऐवजी तिघांची. आयोजकांनी आधी त्या बंद कराव्यात.

पंचवटी_लॅन: विकतच्या आयडींबाबत पूर्ण सहमत. पण चोरीला 'गेममधलं भांडण' म्हणून सोडू नका. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा. गार्डच्या सक्तीला माझा विरोध कायम.