वीण घेण्याआधीची तयारी

कुत्र्यांची वीण घ्यायची तर वंशावळीची कागदपत्रे असलेली निरोगी मादी हाताशी असली की पुरे, असे काहींना वाटते. माझ्या मते खरी तयारी त्यानंतर सुरू होते. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो आणि धावण्या-खेळण्यातून तो दिसेलच असे नाही, म्हणून नर व मादी दोघांचेही २४ महिने पूर्ण झाल्यावर एक्स-रे काढावेत आणि ब्रुसेलोसिस या समागमातून पसरणाऱ्या जिवाणूजन्य रोगासाठी रक्ततपासणीही करावी. दोष आढळला, तर जनावर कितीही देखणे आणि लाडके असले तरी त्याची वीण घेऊ नये. हे मनाला फार जड जाते.

गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, त्यामुळे एखादे पिल्लू आईपासून दूर सरकून एकटेच कण्हत असेल आणि काट्यावर कालच्यापेक्षा कमी भरत असेल, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे. ८ आठवड्यांच्या आत पिल्लू कोणालाही देऊ नये, आणि घेणाऱ्याला पुढे कधीही सांभाळणे अशक्य झाले, तर ते परत घेण्याची हमी आपण आधीच लेखी द्यावी.