७८ ची पद्मिनी, डॅशबोर्ड न कापता फोनवरची गाणी कशी वाजवायची?

पद्मिनी_७८:
नमस्कार मंडळी. घरी बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, रंग एकदा मारला बाकी सगळं तेव्हाचंच. रोज नाही काढत, पण रविवारी सकाळी नागपुरातल्या फुटाळ्यापर्यंत अन् महिन्या-दोन महिन्यातून रामटेकला एक चक्कर होतेच. डॅशमध्ये त्या काळचा दोन खुंट्यांचा रेडिओ आहे, मधात काटा अन् खाली पाच बटणं, फक्त मिडियम वेव्ह लागायचा, आता नुसता घरघर करते. मला फोनवरची गाणी नीट आवाजात ऐकायची आहेत, बाकी काही नको, स्क्रीन बिक्रीन तर अजिबातच नको.

मागच्या आठवड्यात एका दुकानात नेली होती. तिथल्या पोट्ट्यानं माप घेतलं अन् डायरेक्ट ग्राइंडरच घेऊन आला, म्हणे साहेब दोन्ही बाजूनं थोडासा पत्रा उडवावा लागते, दहा मिनिटाचं काम आहे. मी काही बोलायच्या आतच बाबा गाडीत जाऊन बसले, आतून खटका लावला, खाली उतरायलाच तयार नाही! तसेच वापस आलो. तर कोणी डॅशला हात न लावता केलं आहे का? दारं पण कापायची नाहीत. गाडीत बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनामोच आहे, अल्टरनेटर नाही, त्याच्यानं काही फरक पडते का तेही सांगा.

खामल्याचा_पोट्टा:
भाऊ एवढं डोकं काहून लावून राहिला. हजार-बाराशेचा ब्लूटूथ स्पीकर घे, मागच्या काचेपाशी ठेव, विषय संपला.

पद्मिनी_७८:
तो प्रयोग झाला भाऊ. पहिल्याच वळणावर घरंगळत आईच्या डोक्यावर आला. अन् मे महिन्यात काचेखाली राहिला त्याची बॅटरीच फुगून गेली.

वायरिंग_काका:
बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांनी बरोबर केलं. मी गाड्यांचं वायरिंग खूप वर्षं केलं आहे म्हणून जरा लांब लिहितो.

आधी हे समजून घे की तो पोट्टा पत्रा का कापायला निघाला. आजकालचा साधा सेट म्हणजे १८० मिलिमीटर रुंद अन् ५० मिलिमीटर उंच चौकोनी डबा, तो सरळ एका चौकटीत घुसतो. जुन्या रेडिओला चौकट नसते, दोन खुंट्यांसाठी दोन भोकं अन् मधात काट्यापुरती छोटी खिडकी, अन् खिडकी आणि भोकांच्या मधात जो पत्रा आहे तोच डॅशची शोभा आहे. नवा सेट बसवायचा म्हणजे तो मधला पत्रा गेलाच, अन् एकदा गेला की नंतर कितीही वेल्डिंग कर, पोटीन भर, ओळखू येते.

म्हणून त्या जागेत काही घुसवायचंच नाही. जुना रेडिओ बंद का असेना तिथंच राहू दे, गाडीचं तोंड आहे ते. गाणी तुझ्या फोनमध्ये आहेत, आवाज कमीजास्त फोनवरून होते, मग डॅशवर बटणं हवीत कशाला? ब्लूटूथवाला छोटा अॅम्प्लिफायर घ्यायचा, चार चॅनलचा, तळहाताएवढा येतो, अन् तो डॅशमधल्या कप्प्यात (ग्लव्हबॉक्समध्ये) नाहीतर पुढच्या सीटखाली ठेवायचा. मी कप्प्यात ठेवायला नाही म्हणेन. आपल्याकडं नवतपात बंद गाडीत हात ठेवू देत नाही स्टिअरिंग, त्यात बंद कप्प्यात अॅम्प्लिफायर स्वतःच तापते, मग आवाज आपोआप बंद पडतो. दुसरं, कप्पा चारी बाजूनं पत्र्याचा असला तर ब्लूटूथची रेंज मरते. सीटखाली ठेव, प्लायच्या तुकड्यावर बसव अन् तो तुकडा सीटच्याच बोल्टमध्ये पट्टीनं अडकव, नवीन भोक नको. चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नको, आपल्या उन्हात तिचा गोंद पाक होते पाक.

स्पीकर. मागच्या काचेखालची पुठ्ठ्याची फळी काढून घरात जपून ठेव, तिच्यावर पेन्सिल फिरवून तसाच १२ मिलिमीटरचा प्लाय काप, त्यावर रेक्झिन लाव, सहा इंची दोन स्पीकर त्यात बसव. पुढं हवेच असतील तर पाय ठेवतो तिथं कडेला दोन लाकडी डब्या, मॅटवर नुसत्या दाबून बसतील अशा मापाच्या. दारं वाचली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अन् इथंच लोक सेट जाळतात. जुन्या रेडिओत स्पीकरची एकच तार यायची, दुसरी बाजू बॉडीला अर्थ केलेली असायची. नवीन अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांत सप्लाय असते, त्यातली एक जरी बॉडीला लागली की आउटपुटची आयसी (आतली चिप) गेली समज. म्हणून जुनी स्पीकरची तार वापरायचीच नाही, प्रत्येक स्पीकरला अॅम्प्लिफायरपासून दोन स्वतंत्र तारा ओढायच्या.

सप्लाय जुन्या फ्यूजबॉक्समधून घेऊ नको, ते वायरिंग ७८ चं आहे, आतून हिरवं झालं असेल. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची नवीन तार, बॅटरीच्या वीतभर अंतरावरच फ्यूज १० अँपिअरचा, अन् मधात चार पिनांचा रिले. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, ३० वर बॅटरी, ८७ वरून अॅम्प्लिफायर, ८५ अर्थ, ८६ ला चावीची तार. चावी काढली की सगळं बंद. नाहीतर सोमवारी गाडी धक्का मारून चालू करशील.

डायनामोचं म्हणशील तर फरक पडते. सिग्नलला गाडी हळू आवाजात उभी असली की डायनामो काहीच देत नाही, लाल दिवा मिणमिणते ना तेच. तेव्हा गाणी बॅटरीवर चालतात. पण घाबरू नको, डब्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलं असते ते जाहिरातीचं गणित, सलग १५-२० वॅट निघाले एका चॅनलला तरी खूप, अन् साध्या आवाजात दोन-तीन अँपिअरच्या वर जात नाही. दिवसा काहीच अडचण नाही. रात्री हेडलाइट, वायपर अन् वरून सबवूफर असं करशील तर मात्र कटआऊट (डायनामोच्या रेग्युलेटरचा डबा) शिव्या देईल.

सदरचा_साहेब:
माफ करा पण एवढं सोवळं कशाला? पद्मिनी आहे, रोल्स रॉइस नाही. एकेकाळी मुंबईत टॅक्सी म्हणून गल्लोगल्ली फिरायची. कापा, नवा सेट बसवा, मजा करा.

जुना_मिडियमवेव्ह:
साहेब, गल्लोगल्ली होत्या म्हणूनच त्या सगळ्या भंगारात गेल्या अन् आता न कापलेला डॅश शोधायला गेलं तर मिळत नाही. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकानं कापला होता, मी पाच वर्षं दुसरा शोधून राहिलो.

पद्मिनी भाऊ, काकांचं सगळं बरोबर आहे पण तो रेडिओ मेला असं समजू नको. बरेचदा नुसते आतले कंडेन्सर वाळलेले असतात, घरघर त्याचीच असते. बदलले की चालू. आपल्याकडं आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर आहे, काटा तिथं नेला अन् आवाज आला की बाबांचा चेहरा पाहशील. कोराडी रस्त्यानं मात्र हाय टेन्शनच्या तारांखाली गेलं की नुसतं खरखर, ते मिडियम वेव्हच्या नशिबातच आहे.

अन् त्याच रेडिओतून फोन पण वाजवता येते. आवाजाच्या खुंटीमागं जो पॉट असतो त्याला तीन पाय, एका कडेचा अर्थ, दुसऱ्या कडेला रेडिओचा आवाज येतो. तो पाय सोडवून मधात एक छोटा स्विच टाकायचा, एकीकडं रेडिओ दुसरीकडं फोनची तार. फोनचे डावे-उजवे दोन्ही चॅनल दहा-दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करायचे, पुढं एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. स्विच रेडिओच्या मागच्या बाजूला, बाहेरून काही दिसत नाही. आवाज मोनोच येईल अन् चार-पाच वॅटचा, पण जुनी गाणी अशाच आवाजात बरी वाटतात असं माझं मत. डाग द्यायचा (सोल्डरिंगचा) हात बसलेला नसेल तर स्वतः करू नको, जाणकाराकडं ने.

खामल्याचा_पोट्टा:
जुनी गाणी ठीक आहे पण पोळ्याच्या करीला ढोल कसा वाजेल चार वॅटमध्ये 😄

पद्मिनी_७८:
तीन आठवड्यांनी लिहून राहिलो, उशिरासाठी माफी. दोन्ही करायचं ठरवलं, पण रेडिओ सध्या एका ओळखीच्या माणसाकडं उघडून पडला आहे, म्हणून आधी काकांचं केलं. सीटखाली अॅम्प्लिफायर, मागं प्लायची फळी, पुढं काही नाही. बर्डीवरून सगळं सामान आणलं, मी अन् चुलतभाऊ दोन रविवार लागलो. डॅशला एक स्क्रू पण नाही लावला, बाबा स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले होते पाहारा द्यायला.

आवाज एकदम मस्त आहे पण इंजिन चालू केलं की गाण्याच्या मागं एक बारीक शिट्टी येते, अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, अन् सोबत टकटकटक. गाडी बंद असली की सगळं साफ. काय करू?

वायरिंग_काका:
हे होणारच होतं, लिहायचं राहून गेलं. दोन वेगळे रोग आहेत. चढणारी शिट्टी डायनामोची अन् टकटक इग्निशनची. डायनामोच्या जाड तारेच्या टर्मिनलवर एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लाव, त्याची बॉडी डायनामोच्याच बोल्टला अर्थ. बारीक तारेवर म्हणजे फील्डवर चुकूनही लावू नको, कटआऊट खराब होईल. दुसरा तसाच कंडेन्सर कॉइलच्या त्या टर्मिनलला, जिथं चावीची सप्लाय येते. डेल्कोकडं (डिस्ट्रिब्युटरकडं) जाणाऱ्या बाजूला नाही, तिथं लावला तर स्पार्कच मरेल अन् मला फोन करशील.

प्लगच्या तारा तांब्याच्या असतील तर प्लगवर रेझिस्टरवाल्या टोप्या टाक, पाच किलोओहमच्या. अन् अॅम्प्लिफायरची अर्थ कुठं दिली? सीटच्या बोल्टला दिली असेल तर तिथला रंग खरवडला का?

पद्मिनी_७८:
नाही खरवडला 🙈 रंगावरच लावली होती.

वायरिंग_काका:
मग आधी तेच कर. बाकी सगळं नंतर.

पद्मिनी_७८:
केलं. रंग खरवडून अर्थ दिली तेव्हाच अर्धी शिट्टी गेली, डायनामोच्या कंडेन्सरनं उरलेली. टोप्या टाकल्यावर टकटक जवळपास बंद, फक्त वायपर चालू केला की हलकी खरखर येते, पण पावसाळ्यात गाडी कोण काढते. काल रामटेकला जाऊन आलो, गडमंदिराच्या पायथ्यापर्यंत एकदाही आवाज तुटला नाही. बाबा म्हणाले सगळं ठीक आहे पण माझा काटा कधी हलणार ते सांग. रेडिओवाला म्हणते पुढच्या आठवड्यात.

अॅम्बेसेडर_वर्धारोड:
चांगला धागा आहे. माझी मार्क टू आहे, साठच्या दशकातली, तिच्यात हाच अॅम्प्लिफायर चालेल ना?

वायरिंग_काका:
थांबा दादा, घाई करू नका. तुमची ब्रिटिश घराण्यातली गाडी आहे, त्या काळात पॉझिटिव्ह अर्थ असायची. आधी बॉनेट उघडून पाहा की बॉडीला बॅटरीची कोणती तार गेली आहे, अधिकची असेल तर हे सामान लावलं की धूर निघेल. कोणीतरी मधात बदलूनही ठेवली असू शकते, म्हणून मीटर लावूनच पाहा अन् मग फोटो टाका, पुढचं सांगतो.

अॅम्बेसेडर_वर्धारोड:
पाहिलं. अधिकचीच बॉडीला आहे. बरं झालं विचारलं.