दिलगीर : अर्थ आणि वापर

'दिलगिरी व्यक्त करणे' आणि 'माफी मागणे' हे एकच का, असा प्रश्न आहे. व्यवहारात दोन्ही एकमेकांच्या जागी येतात हे खरे, पण त्यांचा अर्थ एक नाही, आणि ज्याला माफी मागायची नसते त्याला हा फरक नेमका ठाऊक असतो.

शब्द फारसी आहे. 'दिल' म्हणजे हृदय आणि 'गीर' म्हणजे धरणारा, पकडणारा. 'आलमगीर', 'जहांगीर' यांतला 'गीर' हाच, आणि 'मुलूखगिरी'तही तोच आहे. दुःखाने ज्याचे मन धरले आहे तो दिलगीर, म्हणजे खिन्न, उदास. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) हाच अर्थ दिला आहे. तेथे अपराधाचा किंवा क्षमायाचनेचा संबंध नाही. ('दादागिरी'तली 'गिरी' वृत्ती दाखवते, 'दिलगिरी'तली तशी नाही, जरी काही पुढाऱ्यांची पत्रके वाचून तसा समज होणे शक्य असले तरी.)

आज मात्र हा अर्थ बराच आकसला आहे. एखाद्याचे वडील वारले असता 'आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल मी दिलगीर आहे' असे पत्र कोणी लिहिले, तर जुन्या अर्थाने त्यात काही चूक नाही, परंतु आजचा वाचक चमकेल, कारण त्या निधनात पत्र लिहिणाऱ्याचाच काही हात असावा असे ते वाक्य सुचवते. इंग्रजीतल्या 'सॉरी'चे सरधोपट भाषांतर करणाऱ्यांकडून हा घोटाळा वारंवार होतो. अशा वेळी मराठी माणूस 'ऐकून फार वाईट वाटले' एवढेच म्हणतो आणि तेच योग्य आहे. म्हणजे आज दिलगीर होण्यासाठी झालेल्या गोष्टीशी बोलणाऱ्याचा, किंवा तो ज्या संस्थेच्या वतीने बोलतो तिचा, काहीतरी संबंध असावा लागतो.

संबंध असावा लागतो, कबुली मात्र लागत नाही, आणि या शब्दाची सारी सोय येथेच आहे. माफी समोरच्याकडे मागायची असते, ती देणे न देणे त्याच्या हाती असते, आणि ती मागताना आपली चूक झाली हे गृहीत धरलेले असते. दिलगिरी नुसती 'व्यक्त' करायची असते. माझ्या मनाची स्थिती मी सांगितली की काम झाले, समोरच्याने काही द्यायचे उरत नाही. गाडी उशिरा धावत असल्याची घोषणा करताना किंवा वर्तमानपत्रात नजरचुकीने छापलेले नाव दुरुस्त करताना हा शब्द चपखल बसतो. मात्र एखाद्याविषयी अपमानास्पद बोलून झाल्यावर 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास मी दिलगीर आहे' असे म्हणणारा चुकीविषयी अवाक्षर काढत नाही, आणि 'असल्यास' घालून दुखावलेल्या माणसालाच संशयाच्या जागी बसवतो. म्हणूनच सभागृहात विरोधक 'दिलगिरी नको, माफी मागा' असा आग्रह धरतात. तो हट्ट भाषेच्या दृष्टीने रास्त आहे.

'खेद' आणखी कोरडा आहे. नकार कळवणाऱ्या पत्रात तो शोभतो, आणि तेथे संबंधाचीही अट नाही. 'खंत' मनात दीर्घकाळ राहते. 'हळहळ' बहुधा दुसऱ्याच्या नुकसानीची असते, आणि अख्खे गावही हळहळते. घरात यांतले काहीच बोलले जात नाही, तेथे 'चुकलं माझं' पुरते.

आता वापराविषयी. 'दिलगीर' हे विशेषण आहे, त्यामुळे 'आम्ही दिलगीर आहोत' बरोबर, 'आम्हाला दिलगीर आहे' चूक. विशेषणात 'गी' दीर्घ आणि नामात 'गि' ऱ्हस्व, जसे गरीब-गरिबी, वकील-वकिली. 'क्षमस्व' हे संस्कृत आज्ञार्थी क्रियापद असून त्याचा अर्थ 'क्षमा कर' असा आहे, म्हणून 'आम्ही क्षमस्व आहोत' हे फलकांवर दिसणारे वाक्य व्याकरणात बसत नाही. शिवाय 'गैरसोयीसाठी दिलगीर आहोत' ही रचना हिंदीतल्या 'के लिए'वरून आलेली दिसते. मराठीत अशा ठिकाणी 'बद्दल' येते. 'साठी'ने हेतू दाखवला जातो, आणि गैरसोय करणे हा कोणत्याही कार्यालयाचा हेतू नसावा.